साधी राहणी आणि मनाची स्पष्टता

साधी राहणी : वस्तू, कामे, दिलेले शब्द आणि माहिती यांचा भार स्वेच्छेने कमी करून उरलेल्या गोष्टींकडे पुरते लक्ष देता यावे, अशा बेताने जगण्याची पद्धत. परवडत नाही म्हणून वाट्याला आलेली टंचाई तिच्यात मोडत नाही. टंचाईत मन मोकळे होण्याऐवजी पैशाच्या हिशोबात अडकून पडते.

जैनांच्या पाच महाव्रतांत आणि पातंजल योगसूत्रांतील यमांत, म्हणजे आचरणाच्या नियमांत, अपरिग्रह (गरजेपलीकडे साठा न करणे) येतो. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस याने इच्छांची नैसर्गिक व आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक आणि पोकळ अशी प्रतवारी केली होती. काही काळ गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या रिचर्ड ग्रेग या अमेरिकन विचारवंताने १९३६ मध्ये ‘ऐच्छिक साधेपणा’ ही कल्पना मांडली. या सगळ्यांचा भर नीतीवर होता. स्मृती आणि लक्ष यांच्या अंगाने विचार सुरू झाला तो नंतर.

हातातले काम करताना मन ज्या अल्पकालीन स्मृतीवर विसंबते, तिची जागा फारच तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सुमारे सात घटकांची मानली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. अर्धवट राहिलेली कामे या जागेवर सतत हक्क सांगतात. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये नोंदवले की, मध्येच तोडलेली कामे पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम सातत्याने आढळला नाही. अर्धवट काम पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र पक्की दिसते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की, एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळले तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच रेंगाळतो आणि दुसरे काम बिघडते.

तेव्हा मनातला पसारा हा मुख्यतः न घेतलेल्या निर्णयांचा असतो. घरात वस्तू किती आहेत, यापेक्षा त्यांतल्या कितींबाबत ‘बघू नंतर’ असे ठरले आहे, याला जास्त महत्त्व आहे. भरगच्च पण लावलेले पुस्तकांचे कपाट डोक्याला त्रास देत नाही. टेबलावर पडलेले, उत्तर न दिलेले एक पत्र देते.

सुरुवात वस्तूंपासून न करता कागदापासून करावी. वीस मिनिटे सलग बसून डोक्यात घोळणारी प्रत्येक गोष्ट एका ओळीत एक अशी लिहावी. क्रम, वर्गवारी, सुवाच्य अक्षर यांच्या नादी लागू नये. पहिल्या काही मिनिटांत कामे येतात, मग थोडा खंड पडतो आणि त्यानंतर खरी बोचणारी प्रकरणे वर येऊ लागतात, म्हणून मध्येच उठू नये. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीचा निकाल लावावा : आता करायचे, अमुक तारखेला करायचे, दुसऱ्याकडे सोपवायचे किंवा खोडायचे. खोडलेल्या ओळी फारशा नसतील, तर यादी प्रामाणिकपणे तपासलेली नाही असे खुशाल समजावे.

नुसते ‘विमा’ असे लिहून मनावरचा भार उतरत नाही, कारण त्या शब्दात पुढचे पाऊल नाही. ‘गुरुवारी सकाळी चहानंतर फाइलमधून पॉलिसी काढणे, मुदत पाहणे, कार्यालयाला फोन करणे’ असे लिहिले की उतरतो. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांत अपुऱ्या कामाचे त्रासदायक विचार थांबायला काम पूर्ण व्हावे लागले नाही. नेमकी योजना आखणे पुरले. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये निजण्यापूर्वी काही जणांना पाच मिनिटे पुढची कामे लिहायला सांगितले आणि काहींना झालेली कामे. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. हा एकच लहान प्रयोग आहे, पण करून पाहायला खर्च काहीच नाही.

वस्तूंना हात घालताना एक खण घ्यावा, अख्खी खोली नव्हे. खण पूर्ण रिकामा करून पुसावा. त्यात हमखास सापडते ते असे : कुठल्या कुलपाची ते न कळणारी किल्ली, गेलेल्या फोनचा चार्जर, अर्धी संपलेली सेलोटेप, मुदत उलटलेली वॉरंटी. यांतले काय टाकायचे यापेक्षा परत आत काय जाणार, हे ठरवणे सोपे जाते. निर्णय होत नसेल त्या वस्तू एका खोक्यात घालून वर सहा महिन्यांनंतरची तारीख टाकावी. तोवर खोके उघडायची गरज पडली नाही, तर उत्तर मिळाले. पत्रे, फोटो, आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. तिथून आरंभ केला की दुपार वाचण्यात जाते आणि खण तसाच राहतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे आधी डबे, टोपल्या, कप्पे विकत आणणे. असे केल्याने निर्णय होत नाहीत, फक्त झाकले जातात. दुसरी चूक घरातल्या इतरांच्या वस्तू परस्पर काढण्याची. तिच्यामुळे भांडण होते आणि पुढची प्रत्येक आवराआवर संशयास्पद ठरते. सुधारणा म्हणून काहीतरी नवे जोडण्याकडे माणसाचा कल असतो, काढून टाकणे सहसा सुचत नाही, असे २०२१ मधील अभ्यासातही दिसले. नवे ॲप, नवी डायरी, पहाटेचा नवा नेम ही त्याचीच रूपे. एक सुरू करताना एक बंद करावे.

फोनबाबत फार तपशिलाची गरज नाही. माणसांचे फोन आणि थेट संदेश वगळून बाकी सूचना बंद कराव्यात आणि निजताना फोन हाताला येणार नाही इतक्या लांब ठेवावा. नव्या जबाबदारीला लगेच होकार न देता ‘उद्या सांगतो’ म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगावे. नाहीतर यादीत आणखी एका न घेतलेल्या निर्णयाची भर पडते.

या उपायांना मर्यादा आहेत. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो पसाऱ्याचा प्रश्न नसतो आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. वस्तू टाकण्याच्या कल्पनेनेच असह्य त्रास होणे आणि वापरायच्या खोल्या सामानाने अडून जाणे, ही वस्तूसंचय विकाराची लक्षणे असू शकतात. अमेरिकेतील मानसोपचारांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. अशा व्यक्तीचे घर नातेवाइकांनी जबरदस्तीने रिकामे केले, तर तिला मोठा मानसिक धक्का बसतो, विश्वास तुटतो आणि सामान बहुधा पुन्हा साठते. विचार आणि वर्तन यांवर काम करणारे उपचार मात्र बऱ्याच जणांना उपयोगी पडतात.