आकारिक पद्धती (सॉफ्टवेअर अभियांत्रिकी)

सॉफ्टवेअरने काय करायचे हे गणिती भाषेत नेमके लिहून, आराखडा किंवा कोड त्याला धरून आहे का, हे तर्काने तपासण्याच्या तंत्रांना आकारिक पद्धती (फॉर्मल मेथड्स) म्हणतात.

रोजच्या कामात कोड बरोबर असल्याचे गणिताने सिद्ध करण्यापेक्षा आराखड्याचे मॉडेल (सोपी गणिती प्रतिकृती) तपासणे बहुधा जास्त परवडते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए+ या मॉडेल लिहिण्याच्या भाषेत सुरुवातीची स्थिती, शक्य पावले आणि कधीही मोडू नये अशी अट लिहितात. समजा, खात्यात 100 रुपये आहेत आणि दोन प्रक्रिया प्रत्येकी 80 काढतात. अट अशी, की एकूण 100 हून जास्त पैसे दिले जाऊ नयेत. दोघींनी आधी शिल्लक वाचली आणि मग पैसे दिले, तर 160 जातात. चाचणीत हा क्रम क्वचितच जुळून येतो. मॉडेल तपासणारा प्रोग्राम (चेकर) मात्र गाठता येणारी प्रत्येक स्थिती पाहतो आणि चुकीपर्यंतची पावले ओळीने दाखवतो. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेत अशी एक चूक सापडली, तिच्यापर्यंत पोचण्याचा सर्वांत छोटा माग 35 पावलांचा होता.

अडचण स्थितींच्या संख्येची. प्रत्येकी 10 स्थितींच्या 3 प्रक्रियांच्या मिळून 1,000 स्थिती होतात, 10 प्रक्रियांच्या 1,000 कोटी. म्हणून मॉडेल दोन-तीन प्रक्रियांपुरतेच ठेवतात; बऱ्याच चुका तेवढ्यातही उघड्या पडतात.

प्रत्यक्ष कोडची सिद्धता महाग पडते. 2009 मध्ये सिद्ध झालेल्या एसईएल4 या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) सी भाषेतला कोड सुमारे 8,700 ओळींचा, तर सिद्धता सुमारे 2 लाख ओळींची होती. कर्नल, कंपायलर, रेल्वे सिग्नल अशा ठिकाणीच हा खर्च सहसा निघतो. पॅरिस मेट्रोच्या चालकविरहित 14 क्रमांकाच्या मार्गासाठी (1998) ‘बी’ नावाची आकारिक पद्धत वापरली होती.

सिद्धता गृहीतकांपलीकडे जात नाही. बायनरी सर्चमध्ये क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधतात; त्यातला ‘(खालचा + वरचा क्रमांक) / 2’ हा मध्य गणिताने बरोबरच आहे. पण 32 बिटांत बेरीज 2,14,74,83,647 च्या वर गेली की ती ऋण होऊ शकते. जावाच्या प्रमाणित लायब्ररीतली ही चूक 2006 मध्ये जाहीर झाली. ‘खालचा + (वरचा − खालचा) / 2’ लिहिले की ती टळते.

नवख्यांची फसगत वेगळीच होते: एखादे पाऊल कधी पडूच शकत नाही असे मॉडेल लिहिले जाते आणि सगळ्या अटी आपोआप ‘पास’ होतात. म्हणून मॉडेलमध्ये मुद्दाम एक चूक घालून चेकर तक्रार करतो का, हे आधी पाहावे.