नवागतांचे स्वागत (मुक्त ज्ञानकोश)

सर्वांना संपादनासाठी खुल्या असलेल्या ज्ञानकोशात प्रथमच लिहू लागलेल्या व्यक्तीला जुन्या सदस्यांनी दिलेला आधार म्हणजे नवागतांचे स्वागत. स्वागताचा संदेश, चर्चापानावरील (सदस्यांनी एकमेकांशी बोलण्याच्या पानावरील) मार्गदर्शन आणि नवागताच्या लेखनाची केलेली दुरुस्ती या तिन्ही गोष्टी त्यात येतात. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ज्ञानकोश किंवा वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश यांत लेखक संपादकांकडून निवडले जात; त्यामुळे हा प्रश्न त्या कोशांपुढे या स्वरूपात उभा राहिला नाही. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी त्याची मराठी आवृत्ती. येथे लेखक आपण होऊन येतो, बहुधा एकटा येतो, आणि पहिल्या अनुभवावर तो टिकणार की नाही हे पुष्कळ अंशी ठरते.

मराठी विकिपीडियावर नव्या सदस्याच्या चर्चापानावर स्वागताचा साचा, म्हणजे आधीच तयार असलेला ठरावीक मजकूर, लावण्याची पद्धत आहे. सरावासाठी धूळपाटी, सार्वजनिक विचारपुशीसाठी चावडी, मदतीची पाने अशी वाट त्यातून दाखवली जाते. साचा उपयुक्त आहे, परंतु तो सर्वांना सारखाच मिळतो. खरे स्वागत होते ते नवागताच्या पहिल्या संपादनाशी जुना सदस्य कसा वागतो त्यात. इंग्रजी विकिपीडियावर २००७ नंतर सक्रिय संपादकांची संख्या घटत गेली. चांगल्या हेतूने लिहिणाऱ्या नवागतांची संपादनेही स्वयंचलित साधनांच्या मदतीने झटपट उलटवली जाऊ लागली, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण अभ्यासकांनी दाखवून दिले. पुढे तेथे २०१२ मध्ये नवागतांच्या शंकांसाठी ‘टीहाउस’ हे स्वतंत्र पान सुरू झाले.

मराठवाड्यातील नवागत बहुतेक वेळा आपल्या गावाच्या लेखापासून सुरुवात करतो. मराठी विकिपीडियावर गावांचे असंख्य लेख एकाच साच्यातले आहेत: गाव अमुक तालुक्यात आहे असे एक वाक्य आणि खाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन अशी जवळजवळ रिकामी शीर्षके. औसा तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी अशा पानावर लिहिते, “आमच्या गावात येळवस फार जोरात साजरी होते, सगळे गाव शेतात जाते, भज्जी आणि आंबील असते.” गस्त घालणाऱ्या, म्हणजे नवी संपादने तपासणाऱ्या, सदस्याला यात संदर्भाचा अभाव आणि ‘आमच्या’, ‘फार जोरात’ हे शब्द दिसतात, आणि एका टिचकीत हे वाक्य नाहीसे करता येते. जाणता सदस्य मात्र ‘आमच्या’ काढून ‘गावात वेळ अमावस्या साजरी केली जाते’ असे वाक्य ठेवतो आणि संदर्भ हवा असल्याची खूण लावतो. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव भागात शेतात कडब्याची कोपी करून पूजा होते, ही माहिती सणाच्या स्वतंत्र लेखात अधिक शोभेल, असे तो तिच्या चर्चापानावर दोन ओळींत कळवतो. संपादन सारांशात (बदलासोबत लिहिल्या जाणाऱ्या छोट्या टिपणीत) ‘अविश्वकोशीय’ एवढाच शेरा मारण्यापेक्षा या दोन ओळींना थोडाच अधिक वेळ लागतो.

संदर्भ मागणे योग्यच आहे. तथापि मराठवाड्यातील नवागताकडून तो मागताना या प्रदेशाचा इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांवर लिहिणाऱ्याला इंग्रजी अमदानीतील मुंबई इलाख्याचे सविस्तर गॅझेटियर (जिल्हावार माहितीग्रंथ) हाताशी असते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने त्या मालिकेत तो आला नाही. औरंगाबाद जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर हा मोलाचा अपवाद आहे. हैदराबाद संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा दीर्घकाळ उर्दू होती, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. त्यामुळे गावोगावची बरीच जुनी कागदपत्रे उर्दूत आहेत, तर त्याहून जुनी फारसी किंवा मोडीत. ती वाचू शकणारे ज्येष्ठ नागरिक या ज्ञानकोशाला फार मोलाचे आहेत, आणि संगणकावर हात बसलेला नसल्याने नेमके तेच पहिल्या अडचणीत मागे फिरण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीच्या शेजारी बसून टंकन करून देणारा तरुण सदस्य हेही स्वागतच होय.

अधिक नाजूक प्रसंग आठवणींचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप स्वतः सोसलेली माणसे भूकंपावरील लेखात आपल्या गावची हकीकत लिहू पाहतात. विकिपीडियावर स्वतःचे अप्रकाशित निवेदन आधार म्हणून चालत नाही. हा नियम आवश्यक आहे, कारण वाचकाला पडताळा घेता आला पाहिजे. पण ज्याने घरातली माणसे गमावली त्याच्या मजकुरावर ‘मूळ संशोधन चालत नाही’ असा कोरडा शेरा येणे क्रूर आहे. येथे मजकूर काढण्यापूर्वी त्या सदस्याशी बोलावे, त्या काळच्या वृत्तपत्रांचे अंक, शासकीय अहवाल आणि पुनर्वसनावरील पुस्तके यांतून त्याच्या गावाची नोंद शोधण्यास मदत करावी, आणि आठवणी इतरत्र प्रसिद्ध करण्याचा मार्ग सुचवावा.

महाविद्यालयांतील कार्यशाळा हा नवागत आणण्याचा रूढ मार्ग आहे. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास त्या विशेष होतात. तेथे एक तांत्रिक अडचण हमखास येते. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या ओळखक्रमांकावरून) २४ तासांत साधारणपणे सहाच नवी खाती उघडता येतात, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सगळे संगणक बहुधा एकाच पत्त्यावर चालतात; सातव्या विद्यार्थ्याला नकाराचा संदेश येतो आणि तो हिरमुसतो. म्हणून खाती आदल्या दिवशी घरून, आपापल्या मोबाइलवरून उघडून घ्यावीत किंवा या मर्यादेतून आगाऊ सूट मागावी. टंकनासाठी वेगळी प्रणाली बसवावी लागत नाही. कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की संपादन-चौकटीत मराठी लेखन सुरू किंवा बंद करता येते. कार्यशाळेनंतरचा आठवडा कार्यशाळेइतकाच महत्त्वाचा असतो, कारण लेखांवरचे आक्षेप तेव्हा येतात आणि उत्तर द्यायला जवळ कोणी नसते.

प्रताधिकाराच्या बाबतीत मात्र सवलत नसते. वृत्तपत्रातून किंवा पर्यटनविषयक संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचललेला मजकूर काढावाच लागतो, मग तो लिहिणारा कितीही नवा असो. काढताना कारण चर्चापानावर लिहावे आणि तोच विषय स्वतःच्या शब्दांत कसा मांडता येईल हे एखादा परिच्छेद लिहून दाखवावे. छायाचित्रांचे काम नवागताला तुलनेने सोपे जाते: वेरूळ-अजिंठ्याची चित्रे मुबलक आहेत, पण होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, खरोशाची लेणी किंवा कंधारचा किल्ला यांच्या जवळ राहणारा मनुष्य स्वतः काढलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सामायिक चित्रभांडारावर मुक्त परवान्याखाली चढवू शकतो, आणि त्यासाठी त्याला लेख लिहिता येण्याची अट नाही.