शहरातील वनस्पती व नागरी उष्णता

शहरातील झाडे, गवत व वेली यांचा तेथील तापमानावर होणारा परिणाम, तसेच वाढत्या तापमानाचा त्या वनस्पतींच्या वाढीवर व ऋतुचक्रावर होणारा परिणाम यांचा विचार या विषयात होतो. पहिल्या अंगाचा अभ्यास विपुल आहे. दुसऱ्याचा तुटपुंजा असून तोही बहुतांशी समशीतोष्ण कटिबंधातील शहरांपुरता आहे.

लंडन शहर रात्री भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा सरासरी सुमारे २° से. अधिक उबदार असते, असे हवामानाचे इंग्रज अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८–२० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत आढळते. दिवसा हा फरक जवळजवळ नाहीसा होई. कारणांमध्ये त्यांनी इंधनाच्या ज्वलनाबरोबर बाष्पीभवनासाठी लागणाऱ्या ओलाव्याचा अभावही धरला होता, ही बाब नंतरच्या लेखनात काहीशी मागे पडली.

सावली आणि बाष्पोच्छ्वास (पानांतून पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडणे) या दोन मार्गांनी झाडे गारवा देतात. २०° से. तापमानाला १ किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सुमारे २·४५ मेगाजूल उष्णता लागते. म्हणजे १०० लिटर पाणी हवेत सोडणारे झाड सुमारे ६८ किलोवॅट-तास ऊर्जा सुप्त उष्णतेच्या रूपात वाहून नेते. ही ऊर्जा नष्ट होत नाही, वाफेचे पुन्हा पाणी होते तेथे ती मोकळी होते. भर दुपारी रस्त्यावरून चालणाऱ्याला मात्र हवेच्या तापमानातील घटीपेक्षा सावलीच अधिक जाणवते.

दिवसाच्या नागरी उष्णतेत वनस्पतींच्या अभावाचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. लेई झाओ व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतील ६५ शहरांच्या अभ्यासावरून असे प्रतिपादन केले, की दमट हवामानात मुख्य कारण अभिसरणाचे (तापलेली हवा वर जाऊन उष्णता वाहून नेण्याचे) आहे. भोवतालची वनश्री खडबडीत असल्याने उष्णता वर सहज निघून जाते; तुलनेने सपाट शहराला ते तितकेसे साधत नाही. रखरखीत प्रदेशांत उलट स्थिती असून तेथे शहरच दिवसा भोवतालापेक्षा थंड आढळू शकते. दान ली व इतरांनी २०१९ मध्ये याला हरकत घेतली. शहराशहरांतील फरक मुख्यतः बाष्पोत्सर्जनक्षमतेतील (जमीन व वनस्पतींतून वाफ सोडण्याच्या क्षमतेतील) तफावतीने ठरतो, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी मानोली व सहकाऱ्यांनी सुमारे ३०,००० शहरांच्या आधारे पर्जन्यमान व लोकसंख्या या दोन घटकांवर भर दिला. हिरवाई वाढवण्याचा लाभ कोरड्या प्रदेशांत अधिक व दमट प्रदेशांत कमी, असा त्यातून निष्कर्ष निघतो. यांपैकी बरेच आकडे उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानाचे आहेत. डोक्याच्या उंचीवरील हवेला ते जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. एकंदरीत हवामानानुसार कारणे बदलतात हे मत तूर्त अधिक ग्राह्य वाटते.

आच्छादनाच्या प्रमाणाबाबत, मॅडिसन (विस्कॉन्सिन) येथे सायकलवरील तापमापकांनी घेतलेल्या नोंदींत (२०१९) चारी बाजूंनी रस्ते असलेल्या वस्तीच्या एका तुकड्यात वृक्षछत्र ४० टक्क्यांहून अधिक असताना दिवसाचा गारवा ठळकपणे वाढलेला दिसला. रात्री हेच छत्र जमिनीतून आकाशाकडे निघणारे प्रारण अडवते व वारा मंदावते, त्यामुळे दाट झाडीखालचा अरुंद रस्ता उशिरा निवतो.

उष्णतेचा वनस्पतींवरील परिणाम एकेरी नाही. हवा कोरडी व तप्त झाली की पानाच्या पाठीवरील पर्णरंध्रे मिटू लागतात. पाण्याचा व्यय वाचतो, पण प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि गारव्याची सर्वाधिक गरज असतानाच बाष्पोच्छ्वास घटतो. डांबर व फरशीने वेढलेल्या आळ्यातील झाडाला पावसाचे पाणी मुळातच थोडे पोहोचत असल्याने ही स्थिती लवकर ओढवते. उथळ मुळांचे गवत न शिंपल्यास आधीच वाळते. उबेमुळे कळ्या मात्र लवकर फुटतात. रॅगवीड हे ॲलर्जीकारक तण बॉल्टिमोर शहरात ग्रामीण भागापेक्षा लवकर फुलते व अधिक परागकण सोडते, असे आढळले आहे.

वाढीविषयीचे पुरावे सहज जुळत नाहीत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये वाढवलेल्या लाल ओकच्या रोपांचे जैववस्तुमान दूरच्या थंड ठिकाणच्या रोपांच्या सुमारे ८ पट भरले (२०१२) आणि त्याचे श्रेय मुख्यतः उबदार रात्रींना देण्यात आले. याच परिसरात कॉटनवुड या पॉप्लरच्या एका जातीची रोपेही शहरात दुपटीने वाढली होती (२००३). पण तेथे कारण निघाले ते ग्रामीण हवेतील, रोपांची वाढ खुंटवणाऱ्या अधिक ओझोनचे. ओक व पॉप्लरसारख्या काही जातींची पाने तापल्यावर आयसोप्रीन हे बाष्पनशील हायड्रोकार्बन सोडतात. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी सूर्यप्रकाशात त्याचा संयोग होऊन ओझोन तयार होतो, म्हणून लागवडीसाठी जातींची निवड करताना या गुणधर्माचा विचार केला जातो.