घराण्यात स्वादुपिंडाचा आजार असेल, तर आमच्याकडून औषध घेण्याआधी

आमचे दुकान काष्ठौषधींचे आणि आयुर्वेदिक औषधांचे. चूर्णे, काढे, आसवे, वट्या विकूनच आमचे घर चालते. तरीही हे पत्रक वाचून कोणी रिकाम्या हाताने परत गेले तर चालेल, असे ठरवूनच ते छापले आहे. गल्ल्यावर एक प्रश्न वारंवार येतो: "मुलाच्या स्वादुपिंडाला सूज येते, आजोबांनाही हेच होते. मुळापासून जाईल असे काही द्या."

मुळापासून जाईल असे आमच्याकडे काही नाही. अंगातले जनुक बदलून हा आजार काढून टाकणारी पुडी, बाटली किंवा गोळी आज कोणाकडेच नाही. आहे असे सांगणाऱ्याकडे पैसे भरण्याआधी एवढे वाचा.

आजार काय आहे

स्वादुपिंड, म्हणजे पॅनक्रिया, जठराच्या मागे आडवे असते. ते बनवत असलेल्या पाचकरसात प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन असते, पण निद्रिस्त रूपात. आतड्यात पोचल्यावर ते जागे व्हायचे, असा नियम. काही घराण्यांत ते स्वादुपिंडातच जागे होते आणि ज्याने बनवले त्यालाच पचवू लागते. कुंपणानेच शेत खावे तसे. सूज येते, उतरते, पुन्हा येते. काही वर्षांनी आत व्रण आणि खडे राहतात.

घराण्यातून येणाऱ्या या आजाराचे वर्णन अमेरिकेत 1952 साली झाले आणि 1996 साली त्यामागचा पीआरएसएस1 या जनुकातला दोष सापडला. आई किंवा वडिलांत हा दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. उतरलेल्या शंभरांतल्या सुमारे ऐंशी जणांना कधी ना कधी त्रास होतो. आपल्याकडे मात्र स्पिंक1 या दुसऱ्या जनुकातला दोष जास्त आढळतो. चुकून जाग्या झालेल्या ट्रिप्सिनला आवरायचे काम त्याचे. तोच ढिला पडतो. हा दोष असलेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही, त्यामुळे "आमच्यात कोणालाच नव्हते" हे उत्तरही पुरेसे नसते.

लहान मुलात हा आजार पटकन ओळखू येत नाही. पोटात वरच्या भागात दुखते, कळ पाठीत जाते, पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटते. घरचे म्हणतात जंत झाले, नाहीतर शाळेचा कंटाळा. असे दुखणे परत परत येत असेल तर आमच्याकडे जंताचे औषध मागू नका, पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.

ग्रंथ काय म्हणतात

जुन्या संहितांत स्वादुपिंडाला निर्विवाद नाव नाही. 'क्लोम' म्हणजे तेच असे काही वैद्य मानतात, काही मानत नाहीत. म्हणून वैद्य लक्षणांवरून जातात: शूल (पोटातली कळ), परिणामशूल (अन्न पचताना उठणारी कळ), ग्रहणी (बिघडलेले पचन आणि शौच). घराण्यातून येणारे रोग मात्र आचार्यांना नीट माहीत होते. सुश्रुतांनी आईबापांच्या बीजातून येणाऱ्या रोगांचा 'आदिबलप्रवृत्त' असा वेगळा गट केला. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांच्या, चिकित्सेत तर स्पष्टच सांगितले आहे की बीजदोषाने आलेला प्रमेह साध्य नाही, आणि कुळातून येणारे इतर विकारही असाध्यच. तेव्हा 'आयुर्वेदाने आनुवंशिक आजार समूळ नष्ट' अशी जाहिरात करणारा माणूस ज्या ग्रंथाचे नाव घेतो, त्याच ग्रंथाच्या विरुद्ध बोलत असतो. पथ्याने आणि औषधाने ताब्यात ठेवायच्या आजाराला ग्रंथांत 'याप्य' म्हणतात. आमच्या मते इथे वैद्याचे काम तेवढेच आहे, आणि तेही थोडे नाही.

आसव-अरिष्टे: इथे आमचीच चूक झाली

काही वर्षांपूर्वी एक आजी नातवाची भूक मेली म्हणून कुमारी आसव मागायला आल्या. आम्ही दिले. महिन्याने दुसरी बाटली घेताना बोलता बोलता म्हणाल्या, "त्याला पॅनक्रियाचं आहे ना, डॉक्टरांनी दारूच्या थेंबालाही बंदी केलीय. पोर तसं गुणी आहे, शिवतसुद्धा नाही." बाटली आमच्या हातात होती. लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलेच होते: आत्मजनित मद्यार्क, म्हणजे औषधात आपोआप तयार झालेले अल्कोहोल.

आसव आणि अरिष्ट म्हणजे गूळ आणि धायटीची फुले घालून आंबवलेले औषध. आंबताना त्यात मद्यार्क तयार होतो, साधारण 5 ते 10 टक्के. मात्रा दोन-चार चमचे असते हे खरे, पण या आजारात मद्य पूर्ण बंद म्हणजे पूर्ण बंद. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अभयारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव, सगळ्यांना हेच लागू. नावाच्या शेवटी आसव किंवा अरिष्ट दिसले की थांबा. बिडी-सिगारेटही तितकीच वाईट. या आजारात पुढे कर्करोगाचा धोका मुळात जास्त असतो आणि धूम्रपानाने तो आणखी वाढतो.

रसकल्प

रसकल्प म्हणजे पारा, गंधक आणि धातूंची भस्मे घालून केलेली औषधे. सूतशेखर आपल्याकडे लोक पित्तावर पेपरमिंटसारखा चघळतात. त्यात पारा, गंधक, ताम्रभस्म (तांब्याचे भस्म) आणि बचनाग, धोतरा या विषारी वनस्पती असतात. आरोग्यवर्धिनीतही पारा, गंधक आणि ताम्र आहे. ताम्र-पारद-गंधकाच्या एका कल्पाने स्वादुपिंडाच्या रुग्णांना बरे वाटल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या आहेत, पण औषध न घेणाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय अशा नोंदींवरून फार काही ठरवता येत नाही. हा आजार मधूनमधून आपोआपही शांत असतो. 2008 साली इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे 21 टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणून रसकल्प आम्ही या रुग्णांना वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि बिननावाच्या कागदी पुड्या तर कोणालाच नाही.

'पाचक' शब्दावर जाऊ नका

शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारे, फार दुर्गंधीचे होऊ लागले आणि वजन उतरले, तर चरबी पचवणारा रस कमी पडतोय असे समजा. त्यावर डॉक्टर पॅनक्रियाटिनच्या कॅप्सूल देतात. त्या जेवणासोबतच घ्यायच्या, उपाशीपोटी नाहीत. हिंग्वाष्टक चूर्णाने गॅस कमी वाटेल, पण त्यात चरबी पचवणारे काही नाही. पपईचे पाचक प्रथिनांवर चालते, तुपावर नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, म्हणून आमचे कितीतरी शाकाहारी ग्राहक त्या न सांगता बंद करतात. अडचण असेल तर ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. गुपचूप बंद करून आमच्याकडून चूर्ण नेणे म्हणजे पोर हळूहळू वाळवणे.

कारले, मेथी, जांभूळबी आणि इन्सुलिन

स्वादुपिंड खराब झाल्यावर येणारा मधुमेह नेहमीसारखा नसतो. यात इन्सुलिन घटते तसे साखर वाढवणारे ग्लुकॅगॉनही घटते, त्यामुळे साखर अचानक खूप खाली जाऊ शकते. इन्सुलिन चालू असताना वर कारल्याचा रस ढोसला की रात्री घाम फुटून माणूस आडवा होतो. भाजी खा, रस आणि चूर्ण डॉक्टरांना विचारून.

हळदीचे काय

हे विचारणारे सर्वांत जास्त. मणिपालला उष्णकटिबंधीय स्वादुपिंडविकाराच्या 20 रुग्णांवर सहा आठवड्यांचा छोटा प्रयोग झाला, 2005 साली प्रसिद्ध झाला. मिरीच्या अर्कासोबत हळदीतले कर्क्युमिन दिल्यावर रक्तातल्या एका खुणेत सुधारणा दिसली, दुखणे मात्र कमी झाले नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 2009 साली 127 रुग्णांवर जीवनसत्त्वे, सेलेनियम आणि मिथिओनिन यांचा प्रयोग झाला. त्यात महिन्यातले दुखण्याचे दिवस खरोखर घटले. ब्रिटनमधल्या नंतरच्या प्रयोगात तसा फायदा आढळला नाही. आमटी-भाजीतली हळद चालू ठेवा. कॅप्सूल हवी असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या.

योगासने, हलका श्वासाभ्यास, थोडे थोडे पण चार-पाच वेळा खाणे, भरपूर पाणी, याला आमची ना नाही. कडक लंघन मात्र नको. हे रुग्ण आधीच अशक्त असतात.

जोराची कळ, थांबत नसलेली उलटी, ताप किंवा डोळे पिवळे झाले, तर दुकान उघडायची वाट बघू नका. ओवा-हिंगाचे पाणीही देत बसू नका. सलाईन आणि रक्ततपासणी लागते, थेट दवाखाना गाठा.

दुकानात येताना चालू असलेल्या गोळ्यांची पाने आणि शेवटचे रिपोर्ट आणा. आणि हे पत्रक वाचून कपाटात एखादे आसव-अरिष्ट निघाले, तर बाटली उघडलेली असली तरी घेऊन या. बिल नसले तरी पैसे परत देऊ.