लॉरेन्स, १८६३ : ६४ किलोमीटरची रात्र आणि न पोहोचलेला निरोप

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, २१ ऑगस्ट १८६३ च्या पहाटे पाचच्या सुमारास, गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढणारा मिसुरीचा गनीम विल्यम क्वांट्रिल याचे साधारण ४०० घोडेस्वार कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात शिरले आणि नऊच्या सुमारास निघून गेले. तेवढ्या वेळात १५० ते २०० पुरुष आणि पोरगे मारले गेले, बाजारपेठ जळून गेली.

याचं कारण बहुतेक ठिकाणी 'सूड' असं एका शब्दात दिलेलं असतं. सूड होताच. १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी वसवलेलं हे गाव शेजारच्या, गुलामगिरी चालू असलेल्या मिसुरी राज्यातल्या लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं. १८६१ मध्ये कॅन्ससचा सेनेटर जेम्स लेन याच्या माणसांनी मिसुरीतलं ओसिओला जाळलं होतं. हल्ल्याच्या आठवडाभर आधी कॅन्सस सिटीत बुशव्हॅकरांच्या (मिसुरीच्या गनिमांना हेच नाव होतं) नातेवाईक बायकांना कोंडलेली इमारत कोसळून काही जणी दगावल्या. पण लॉरेन्सवर जायचा बेत त्याआधीच शिजत होता आणि गावात हेरही येऊन गेले होते.

खरा प्रश्न आहे तो एवढी टोळी पोहोचली कशी, हा. कॅन्सस-मिसुरी सीमेवर संघराज्याच्या (म्हणजे उत्तरेच्या) सैन्याच्या चौक्या होत्या, पण त्यांच्यामध्ये मैलोन्‌मैल उघडं माळरान. २० तारखेच्या संध्याकाळी टोळी ऑब्री चौकीजवळून सीमा ओलांडून गेली. तिथल्या कॅप्टनला ते कळलं. त्याने शेजारच्या चौक्यांना निरोप धाडले, मात्र लगेच पाठलाग केला नाही आणि लॉरेन्सला स्वारही पाठवला नाही. सीमा ते लॉरेन्स अंतर सुमारे ६४ किलोमीटर. टोळीला त्याला अकराएक तास लागले, म्हणजे ताशी सहा किलोमीटर, घोड्याची साधी चाल. ताज्या घोड्यावरचा एकटा जासूद सहज पुढे निघून गेला असता. अंधारात वाट दाखवायला टोळीने शेतकऱ्यांना घरातून ओढून काढलं आणि काम झालं की त्यांतल्या कित्येकांना मारलं. मागे राहिलेला वाटाड्या म्हणजे आयता खबऱ्या.

गावही गाफील सापडलं. महिन्याच्या सुरुवातीला हल्ल्याची आवई उठली होती. काहीच झालं नाही, तेव्हा बंदोबस्त सैल पडला आणि बंदुका शस्त्रागारात कुलूपबंद राहिल्या. उलट बुशव्हॅकरांकडे प्रत्येकी दोन-चार रिव्हॉल्व्हर, बहुतेक सहा बारांची कोल्ट. त्या काळचं रिव्हॉल्व्हर भरणं वेळखाऊ काम होतं : प्रत्येक खणात दारू आणि गोळी दांड्याने ठासायची, मागे टोपी बसवायची. म्हणून घोड्यावरचा माणूस ते भरत बसत नसे, दुसरं उपसे. तोंडाकडून भरायच्या बंदुकीतून मिनिटाला तीनच बार निघत, तेही कसलेल्या हातांनी. इथे तर नि:शस्त्र माणसं अंथरुणातून उठत होती.

यादवी युद्धांचे अभ्यासक एक फरक करतात. जिथे सशस्त्र गटाचा जम असतो तिथे लोकच त्याला माहिती पुरवतात आणि तो माणसं निवडून मारतो. जिथे जम नसतो तिथे कोण कोण आहे हे कळत नाही, मग वय, लिंग, वस्ती हीच खूण ठरते. लॉरेन्समध्ये हे जवळजवळ प्रयोगासारखं दिसतं. टोळीकडे नावांची यादी होती, पण चार तासांत यादीतला माणूस ओळखणार कोण? हाती लागेल तो पुरुष, हा निकष झाला. बायकांना मारायचं नाही हा नियम मात्र पाळला गेला, आणि अनेक बायकांनी त्याचाच फायदा घेऊन नवऱ्यांना लपवलं.

कोण वाचलं हेही बघण्यासारखं आहे. गावातल्या झुडपी घळीत आणि उंच वाढलेल्या मक्यात शिरायला हल्लेखोर कचरत. तिथे घोडा निरुपयोगी आणि आत कोण दबा धरून बसलंय याचा नेम नाही. खुद्द लेन रात्रीच्या कपड्यांवर मक्यातून निसटला. एल्ड्रिज हॉटेलातल्यांनी पांढरी चादर दाखवून एकत्र शरणागती पत्करली, ते बहुतेक वाचले. कोवळ्या रंगरूटांच्या छावणीत २२ पैकी १७ मेले. महापौर कॉलमोर घराच्या विहिरीत लपले, वर घर जळालं आणि ते खालच्या दूषित हवेने गुदमरून मेले. त्यांना काढायला उतरलेला मित्रही गेला. विहिरीत उतरण्याआधी दिवा का सोडतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

चार दिवसांनी त्या सीमाभागातले संघराज्याचे सेनाधिकारी जनरल यूइंग यांनी ११ क्रमांकाचा हुकूम काढला : मिसुरीतल्या जॅक्सन, कॅस, बेट्स आणि अर्ध्या व्हर्नन काउंटीतल्या ग्रामीण रहिवाशांनी १५ दिवसांत घरं सोडायची. गनिमांना भाकरी, घोडे आणि बातमी पुरवणारी वस्तीच हटवायची, हा त्यामागचा हिशेब. त्यात संघराज्याशी निष्ठावंत असलेलेही उठले आणि रिकामी घरं जाळली गेली. पुढे कित्येक वर्षं तो टापू 'जळका मुलूख' म्हणून ओळखला जाई. क्वांट्रिलची टोळी मात्र शाबूत होती. ६ ऑक्टोबरला टेक्सासकडे जाताना तिने कॅन्ससमधल्या बॅक्स्टर स्प्रिंग्जजवळ संघराज्याच्या सैन्याच्याच एका तुकडीवर झडप घालून शंभरएक माणसं मारली.