लीद, काचेच्या घंटा आणि घरचा टोमॅटो

फ्रान्समध्ये घरच्या भाजीमळ्याला 'पोताजे' म्हणतात. 'पोताज' म्हणजे भाज्यांचं सूप. सुपाच्या भांड्यात जे पडतं ते पिकवायची जागा, असा तो शब्द. इटलीतला 'ओर्तो' थेट लॅटिनमधून आलेला. तिथलं भाज्या-कडधान्यांशी नातं इतकं जुनं की रोमन लोकांची कुळनावंसुद्धा त्यांच्यावरून पडली: लेंटुलसमध्ये मसूर आहे आणि सिसेरोमध्ये आपला हरभरा.

परसबागेचा इतिहास सांगताना सगळे व्हर्सायच्या राजमळ्यापासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. १६७८ मध्ये चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी याने तो करायला घेतला. मूळचा वकील, पण जीव बागेत रमलेला. जागा मिळाली ती दलदलीची. पाण्याचा निचरा करायचा, बाहेरून चांगली माती आणून टाकायची, उंच भिंती बांधायच्या, यात पाच वर्षं गेली. सुमारे नऊ हेक्टरांचा तो मळा आजही आहे. तिथे डिसेंबरात शतावरीचे कोंब निघत, मार्चअखेर स्ट्रॉबेरी आणि जूनमध्ये राजाचे लाडके अंजीर.

ही करामत घोड्याच्या लिदीची. ताजी लीद थर देऊन रचली की आतून तापते, वाफ निघू लागते. त्यावर मातीचा थर, मातीत रोप आणि रोपावर काचेची घंटा. बाहेर बर्फ पडत असला तरी आत वसंत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भाजीवाल्या माळ्यांनी हेच तंत्र शहराच्या कडेकडेने वापरलं. शहरात घोडे मुबलक, त्यामुळे लीदही मुबलक. राजाच्या ताटातली बिनमोसमी कोशिंबीर बाजारात आली ती या माळ्यांच्या कष्टाने, आणि माझ्या मते खरा मान त्यांचाच. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, आणि लिदीच्या वाफ्यांचे दिवसही सरले.

कामगारांच्या हाती जमीन आली ती उत्तर फ्रान्समधल्या आझब्रूकचे खासदार असलेल्या धर्मगुरू झ्यूल लमीर यांच्यामुळे. गिरणी-खाणींतल्या कुटुंबाला स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा, या आग्रहातून त्यांनी १८९६ मध्ये संघटना उभी केली. त्यांचे 'कामगार मळे' १९५२ च्या कायद्याने 'कौटुंबिक मळे' झाले. अट एकच: पीक घरासाठी, विक्रीसाठी नाही.

इटलीची गोष्ट टोमॅटोशिवाय पुरी होत नाही. ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी पिसामध्ये फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो द मेदिची याच्या घरी टोमॅटोची टोपली पोचल्याची नोंद आहे. अमेरिकेतून युरोपात आलेलं हे फळ खायचं की नुसतं पाहायचं, हेच बराच काळ ठरेना. टोमॅटोच्या सॉसची कृती नेपल्समध्ये छापली गेली ती १६९० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाई आली तेव्हा चौकाचौकांत 'युद्धमळे' झाले; मिलानमध्ये तर कॅथीड्रलसमोरच्या चौकात गहू पेरला आणि कापला.

दक्षिण इटलीत अजून ऑगस्टमध्ये अंगणात मोठं पातेलं चढतं. घरचे सगळे गोळा होतात. कुणी टोमॅटो धुतं, कुणी यंत्राची मूठ फिरवतं, साल आणि बिया एकीकडे, लाल रस दुसरीकडे. बाटल्या भरायच्या, प्रत्येकीत तुळशीच्या जातीचं, बेसिलचं एक पान सोडायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटल्या फडक्यांत गुंडाळून उकळत्या पाण्यात ठेवायच्या. वर्षभराची बेगमी.