गिटार बाजूला ठेवली तेव्हा: 'द प्लेझर प्रिन्सिपल'ची पार्श्वभूमी

इंडस्ट्रियल रॉक (यंत्रांच्या कर्कश आवाजांवर उभा राहिलेला रॉक) ऐकणाऱ्यांना ब्रिटिश गायक गॅरी न्यूमन बहुतेकदा उलट्या वाटेने भेटतो. आधी नाइन इंच नेल्स या बँडने २००० साली केलेलं 'मेटल' किंवा फिअर फॅक्टरी या बँडचं १९९९चं 'कार्स' कानावर पडतं. मग न्यूमनचे 'सॅक्रिफाइस' (१९९४) आणि 'प्युअर' (२०००) हे काळोखे अल्बम सापडतात. 'मेटल' आणि 'कार्स' ही दोन्ही गाणी मुळात न्यूमनच्या ज्या अल्बमवरची, तो सप्टेंबर १९७९चा 'द प्लेझर प्रिन्सिपल' सगळ्यात शेवटी. स्वतःच्या एकट्याच्या नावावर त्याने काढलेला हा पहिला अल्बम. तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

त्याआधी तो 'ट्यूबवे आर्मी' या नावाने गात असे. पंक रेकॉर्ड करायला केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत गेला असताना तिथे कुणाचा तरी मिनीमूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं पट्ट्यांचं वाद्य) पडलेला होता. पट्टी दाबली आणि खोली हादरेल असा खर्ज निघाला. त्या यंत्रावर आधीच्या माणसाने बटणं तशीच लावून ठेवली होती. तिथून दिशा बदलली. १९७९च्या उन्हाळ्यात 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि काही महिन्यांतच बँडचं नाव टाकून, गिटारला पूर्ण रजा देऊन हा अल्बम आला. तोही पहिल्या क्रमांकावर गेला.

गिटार नाही म्हणजे सगळं यंत्रावर, हा समज मात्र चुकीचा आहे. बास गिटार पॉल गार्डिनरची, ड्रम्स सेड्रिक शार्पलीचे, आणि दोन्ही हाताने वाजवलेले. 'कार्स'ची ती सुप्रसिद्ध धूनही न्यूमनला बास गिटारवरच सुचली. 'फिल्म्स' लावून फक्त ड्रम्स ऐका, पुढे हिप-हॉपवाल्यांनी ते का उचलले हे लगेच कळतं. खाली माणसांची लय आणि वर यंत्राचा थंड पडदा, या जोडणीमुळेच हा अल्बम अजून शिळा वाटत नाही, असं आमचं ठाम मत आहे. नंतरच्या कितीतरी अनुकरणांनी वरचा पडदा तेवढा घेतला.

यंत्रं मुख्यतः दोन. मिनीमूगला तीन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, पण एका वेळी एकच सूर. पॉलिमूगला ७१ पट्ट्या आणि सगळ्या एकदम वाजू शकतात. अल्बमभर पसरलेला तो कापरा, किंचित बेसूर आवाज म्हणजे पॉलिमूगवरचा 'व्हॉक्स ह्युमाना' हा तयार स्वर. त्या काळच्या अॅनालॉग ऑसिलेटरचा सूर तापमानासोबत सरकतो, कारण व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारे ट्रान्झिस्टरच उष्णतेला संवेदनशील असतात. डिसेंबरात 'सवाई'ला रात्र चढून गारवा वाढला की तंबोरे पुन्हा जुळवावे लागतात, तसंच हे. म्हणून मिनीमूग अर्धा तास तापू द्यायचा आणि मगच सुरात लावायचा.

आज सॉफ्टवेअरवर हा स्वर काढताना बहुतेकांचं इथेच चुकतं: सूर अगदी चोख ठेवतात. जवळपास जायचं असेल तर दोन ऑसिलेटर घ्या, एक दुसऱ्यापेक्षा ५ ते ८ सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) वर ठेवा आणि दोघांना वेगवेगळ्या गतीचं हलकं व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं कंपन, द्या. मग एकच लांब सूर धरा. हात आवरता आला पाहिजे.

शब्दांतही हीच काटकसर. दहा गाणी, जवळजवळ सगळ्यांची नावं एका शब्दाची. 'एअरलेन'ला तर शब्दच नाहीत. अल्बमचं नाव आणि मुखपृष्ठ चित्रकार मॅग्रितच्या १९३७च्या चित्रावरून आलं. 'कार्स'मागे रस्त्यावरचं भांडण आहे: समोरचे अंगावर आले तेव्हा न्यूमनने गाडीचे दरवाजे आतून लावून घेतले होते. 'एम. ई.' पृथ्वीवर उरलेल्या शेवटच्या यंत्राच्या तोंडी आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात) पाळी केलेल्या माणसाला ते कल्पित वाटणार नाही.

पुण्यात एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी एक इशारा. जुन्या बाजारात किंवा नातेवाइकांच्या सामानातून आलेला अमेरिकी टर्नटेबल ६० हर्ट्झवर चालणाऱ्या मोटरचा असू शकतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज ११० करतो, पण आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच राहते. परिणामी तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेते, सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्त उतरतो (काळी एकचं गाणं खालच्या काळी पाचच्याही खाली जातं) आणि ४१ मिनिटांचा अल्बम पन्नाशीला टेकतो. न्यूमनचा मुळातला भावशून्य आवाज त्यामुळे नुसता झोपाळू वाटतो आणि दोष अल्बमला जातो. उपाय म्हणजे मोटरवर ५० हर्ट्झची पुली (तबकडीचा पट्टा फिरवणारी चाकी), व्यासाने २० टक्के मोठी. वेग तपासायला १८० रेघांची स्ट्रोब चकती जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवा, रेघा स्थिर दिसल्या की झालं. एलईडी दिव्याखाली याचा भरवसा नाही.

सीडीवर ऐकत असाल तर नंतरच्या आवृत्त्यांत मागे जादा गाणी जोडलेली असतात. १९७९चा अल्बम दहाव्या गाण्यावर, 'इंजिनिअर्स'वर संपतो. पहिल्यांदा ऐकताना तिथेच थांबा.